आखाजीला पाहिलेलं घर आषाढात गळलं तर

ताई,

मी जळगावचा, सिव्हिल इंजिनिअर. तीन वर्षांपासून घर विकत घेणाऱ्यांसाठी घराची तपासणी करून रिपोर्ट देतो. एप्रिलमध्ये एका निवृत्त गुरुजींसाठी चार वर्षांपूर्वी बांधलेलं, पहिल्या मालकाकडून विकत घ्यायचं रो-हाऊस तपासलं. सोळा घरांची कॉलनी, पूर्वी तिथे कपाशीचं शेत होतं. फी ६,००० रुपये. रिपोर्ट इंग्रजीत, २२ पानांचा, फोटोंसकट. गुरुजींनी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गृहप्रवेश केला, मलाही जेवायला बोलावलं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात वरच्या खोलीचं छत गळलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा दिसू लागला. फोन आला तेव्हा मी सांगितलं की गच्चीवर पाणी साचवून चाचणी केलेली नाही, हे रिपोर्टच्या १९व्या पानावर लिहिलंय. त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या नावासकट टाकलं, 'सहा हजार घेऊन फसवलं.' आता फी परत आणि दुरुस्तीचे १,१०,००० रुपये मागतात. त्यांचा पुण्याचा मुलगा ग्राहक आयोगात जाऊ म्हणतो. या धंद्यातला मित्र म्हणतो, फोन उचलू नको, वकिलाची नोटीस पाठव. बायको म्हणते, सहा हजार देऊन टाका आणि मोकळे व्हा. गुरुजी माझ्या वडिलांच्या ओळखीचे, त्यामुळे वडीलही नीट बोलत नाहीत. मी काय करू? आणि काळ्या मातीतली असली घरं तपासायची सोडून देऊ का?

— एक वाचक, जळगाव

भाऊ,

आधी गुरुजींच्या घरी जा. उद्या जमत असेल तर उद्याच. नोटीस, फी परत, ग्रुपवर खुलासा, हे सगळं त्या भेटीनंतर. छत गळतंय हे तुम्ही अजून फक्त ऐकलंय. न पाहता नोटीस धाडणं जितकं चूक, तितकंच न पाहता पैसे देऊन टाकणंही चूक. मित्राचा आणि वहिनींचा सल्ला एकमेकांच्या उलटा दिसतो, पण दोघंही तुम्हाला ते छत बघायचं टाळायला सांगताहेत.

गुरुजींच्या बाजूने विचार करा. नोकरीभराची पुंजी एका घरात घातली. आखाजीला लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, जावयांना घर फिरवून दाखवलं, 'इंजिनिअरकडून तपासून घेतलंय' असंही सांगितलं असेल. दोन-अडीच महिन्यांत त्याच खोलीत बादल्या ठेवायची वेळ आली. जुना मालक पैसे घेऊन गेला, बिल्डर दाद देईलच असं नाही. हक्काने फोन करावा असा माणूस एकच उरला, तो तुम्ही. आणि त्याने पान नंबर सांगितला. ग्रुपवरची ती ओळ मला योग्य वाटत नाही, पण ती कुठून आली हे मला कळतं. गळतीपेक्षाही त्या फोनने ते दुखावलेत.

फोन तुम्हीच करा, मेसेज टाकू नका. पहिलं वाक्य पैशाचं नको आणि रिपोर्टचंही नको. छताचं पाणी पंख्याच्या हुकापाशी किंवा लाइटच्या पॉइंटपाशी येत असेल तर धोका आहे, म्हणून आधी तेच विचारा: 'गुरुजी, पाणी पंख्याच्या जवळ येतंय का? येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला वीज तोडणारा खटका, आत्ता पाडून ठेवा.' मग म्हणा, 'तुमचा फोन आला तेव्हा मी आधी बघायला यायला हवं होतं. उद्या सकाळी येतो, सगळं डोळ्यांनी बघतो, मग बोलू.' एवढंच. 'माझी चूक झाली, भरून देतो' असंही म्हणू नका, 'माझी काही जबाबदारी नाही' असंही म्हणू नका. दोन्हींतलं काय खरं आहे हे तुम्हाला आज माहीत नाही, आणि फोनवर सुटलेला शब्द नंतर पुराव्यासारखा वापरला जातो.

तुमच्याकडे व्यावसायिक जबाबदारीचा विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीलाही तक्रार कळवा. कंपनीला न विचारता भरपाई कबूल केली तर पुढे दावा अडकू शकतो, ही अट अशा पॉलिसींमध्ये असते.

वडिलांना मध्ये घालू नका. खानदेशात हा मोह फार होतो. ओळखीचा माणूस सोबत नेला की विषय चहावर मिटतो असं वाटतं. पण त्यांच्यासमोर गुरुजी भिडेपोटी 'जाऊ द्या' म्हणतील आणि पुढच्या पावसात तेच छत पुन्हा गळलं की दुप्पट रागाने बोलतील, तेही तुमच्या वडिलांना. वडिलांना काय झालं ते नीट सांगा आणि 'मी बघून येतो' म्हणा. त्यांना तेवढंच ऐकायचं असेल. उलट पुण्याच्या मुलाला मात्र सामील करून घ्या. निर्णय बहुतेक तोच घेतोय आणि त्याने अजून काहीच पाहिलेलं नाही. तुम्ही गच्चीवर असताना गुरुजींनी त्याला व्हिडिओ कॉल लावला तर तो तुमच्या फायद्याचा आहे.

आता प्रत्यक्ष भेट. जाताना रिपोर्टची छापील प्रत, एप्रिलमधले मूळ फोटो (रिपोर्टमध्ये बारीक करून चिकटवलेले नव्हे, कॅमेऱ्यातले पूर्ण आकाराचे), ओल मोजायचं मीटर, टॉर्च, टेप, स्टीलची पट्टी आणि पेन्सिल घ्या. बैठकीत बसू नका. 'आधी वर जाऊ' म्हणा. गुरुजी बोलतील ते बोलू द्या, मध्ये तोडू नका, वहीत लिहून घ्या: पाणी कोणत्या तारखेला दिसलं, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने, पाऊस थांबल्यावर किती वेळ टपकत राहिलं. या तीन उत्तरांत अर्धं निदान असतं. पाऊस लागताच टपकलं तर वाट सरळ आहे, बहुधा भेग किंवा पाइपाच्या भोवतीची फट. तासन्‌तास उशिरा आलं आणि पाऊस उघडल्यावरही चालू राहिलं तर पाणी कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरात, साठून हळूहळू झिरपतंय. पाऊस नसतानाही ओल वाढत असेल तर पाण्याची टाकी, नळ आणि नहाणीचा ट्रॅप बघा, मग पावसाचा संबंध नसेलही.

छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि तारीख लिहा. पुढच्या पावसानंतर ओल रेघेबाहेर गेली की नाही हे गुरुजींना स्वतः दिसेल. फोटो काढताना स्टीलची पट्टी सोबत धरा.

मग गच्ची. वाटा नीट बघा, म्हणजे कठड्याची भिंत स्लॅबला मिळते तिथे मारलेली गोलाई. आपल्याकडे घरं गळतात ती बऱ्याचदा इथूनच. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, स्लॅब दिवसभर तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि त्या ओढाताणीत विटांची भिंत आणि काँक्रीट यांच्या सांध्यात केसाएवढी भेग पडते. एप्रिलमध्ये त्या भेगेत धूळ भरलेली असते, ती दिसत नाही. पहिल्या पावसाने धूळ धुतली की पाणी आत जातं. पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड बघा, त्यात कडुलिंबाचा पाला किंवा बांधकामातली सिमेंट अडकली असेल तर गच्चीवर तळं साचतं. ब्रिकबॅट कोब्याचा ढाळ पाइपाकडेच आहे का, की मधे खोलगट भाग आहे? कोबा पोकळ वाजतो का? हे झालं की एप्रिलचा फोटो काढा आणि त्याच कोपऱ्यात, त्याच दिशेने उभं राहून आजचा फोटो घ्या.

इथे एक सांभाळा. कदाचित त्या दोन फोटोंत फरक सापडेल. गृहप्रवेशानंतर सोलर हीटर बसवला असेल, त्याचे पाय बोल्ट मारून कोब्यात ठोकले असतील. पत्र्याच्या शेडसाठी भोकं पाडली असतील. भुसावळच्या एका तक्रारीत नेमकं हेच निघालं होतं. तपासणी करणाऱ्या तरुणाने गच्चीवरूनच, शेजाऱ्यांच्या देखत, 'बघा, हे तुम्हीच केलंय' असं मोठ्याने सांगितलं. बोलला ते खरंच होतं, पण ते कुटुंब त्याच्याशी पुन्हा बोललं नाही आणि त्याचं काम त्या भागातून उठलं. असं काही दिसलं तर खाली येऊन दोन्ही फोटो गुरुजींसमोर शेजारी-शेजारी ठेवा आणि विचारा, 'हे बोल्ट कधी मारले?' उत्तर त्यांना स्वतःला देऊ द्या.

खिडकीच्या कोपऱ्यातून जाणारा तिरपा तडा ही वेगळी तक्रार आहे. तिला गळतीत मिसळू नका. कपाशीचं शेत म्हणजे काळी माती, आणि काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. वैशाखात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच जमिनीवर हे घर उभं आहे. रो-हाऊससारखी हलकी बांधकामं मातीला खाली दाबून धरू शकत नाहीत, त्यामुळे पाया काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत नेला नसेल किंवा माती काढून मुरमाचा चांगला भराव केला नसेल, तर घर ऋतूप्रमाणे हलतं. ती हालचाल सगळ्यांत आधी खिडकी-दाराच्या कोपऱ्यांत दिसते, कारण भिंत तिथे कमजोर असते. हा तडा जुलैत नव्याने पडला असेल, किंवा आधीपासून असेल आणि विक्रीआधी पुट्टी भरून रंग मारला असेल. कडेला जुन्या पुट्टीचा पापुद्रा, आत मळकट धूळ, रंगाची वेगळी छटा दिसली तर तडा जुना. आतून स्वच्छ, करकरीत दिसला तर नवा. रुंदी मोजून घ्या, दोन्ही टोकांना पेन्सिलीच्या खुणा आणि तारीख लिहा, शक्य असेल तर तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. यावर एका भेटीत निकाल देता येत नाही, किमान पावसाळा संपून माती सुकेपर्यंत थांबावं लागतं. गुरुजींना हे सांगा आणि त्या आधी भिंतीत पुट्टी भरू नका म्हणून सांगा.

घरी परत आल्यावर एकट्याने बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्या दिवशी ते दिसत होतं का? ते बघणं माझ्या कामात धरलेलं होतं का? आणि जे मी पाहिलं नाही, ते पाहिलेलं नाही हे गुरुजींना कळलं होतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मूळ फोटो देतील. ते मोठे करून बघा, प्रामाणिकपणे. छताच्या कडेला पिवळट डाग, वाट्यालगत लोणा (भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार), नुकताच मारलेला रंग, खोलीच्या एकाच भिंतीला नवी पुट्टी. यातलं काही फोटोत असेल आणि रिपोर्टमध्ये नसेल, तर चूक तुमची आहे आणि ती कबूल करायची आहे. दुसऱ्याचं उत्तर तुमचा करार देईल. गच्चीवर पाणी साचवून ठेवण्याची चाचणी दृश्य तपासणीत सहसा धरत नाहीत, त्याला कारणं आहेत. पाण्याचा दर सेंटिमीटर थर एका चौरस मीटरवर दहा किलो वजन टाकतो, घर अजून दुसऱ्याच्या मालकीचं असतं, आणि उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत कुठला मालक गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवू देईल? तेव्हा चाचणी केली नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही.

चुकलंय ते तिसऱ्या प्रश्नात, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेल्या माणसाला तुम्ही २२ पानांचा इंग्रजी रिपोर्ट दिला आणि त्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य १९व्या पानावर ठेवलं. तपासणी चैत्रात, घर पावसात राहण्यासाठी घेतलेलं, आणि गच्ची पाण्याने तपासलेली नाही. हे वाक्य समोर बसून, तोंडाने, मराठीत सांगायचं होतं. 'गुरुजी, गच्ची वरून ठीक दिसतेय, पण पावसात ती गळणार नाही असं मी सांगू शकत नाही. मालकाकडून गेल्या पावसाळ्याचं लिहून घ्या किंवा किमतीत वॉटरप्रूफिंगचा खर्च धरा.' एवढं ऐकलं असतं तर गुरुजींनी ते घर कदाचित तरीही घेतलं असतं, पण आज त्यांना फसल्यासारखं वाटलं नसतं. लिहून ठेवल्याने वकिलासमोर बाजू मांडता येते. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला ते कळेपर्यंत तपासणीचं काम अर्धवटच राहतं. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट मोठी वाटते, म्हणून जरा कठोर बोलले.

आता पैसे. १,१०,००० रुपये देऊ नका. तो स्लॅब तुम्ही पाहिला नसता तरी गळलाच असता. तो गळका तुम्ही केलेला नाही. तुमच्यामुळे गुरुजींचं काही गेलं असेल तर ती भाव पाडून घेण्याची किंवा घर नाकारण्याची संधी. हा फरक तुमच्या मनात स्पष्ट हवा, पण गुरुजींना पहिल्या भेटीत ऐकवायचा नाही.

फी मात्र परत करा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पूर्ण. वहिनींचं इथे बरोबर आहे, फक्त कारण वेगळं. 'मोकळं होण्यासाठी' दिलेले पैसे तोंडावर फेकल्यासारखे लागतात. 'गच्चीबद्दल मी तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं, ते राहिलं, म्हणून ही फी मी ठेवणार नाही' असं म्हणून दिलेले पैसे गुरुजी सन्मानाने घेतील. रोख देऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयने द्या. सोबत एक साधं मराठी पत्र: काय तपासलं होतं, काय नव्हतं, फी कशासाठी परत केली, आणि या फीबद्दल दोघांमध्ये काही बाकी नाही. दोघांच्या सह्या. मसुदा एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला, वकिलाचा उपयोग आत्ता एवढाच आहे. 'आधी ग्रुपवरचं काढा, मग पैसे' अशी अट मात्र घालू नका. अट घातली की ती सौदेबाजी होते.

फोटोत चूक तुमचीच निघाली, म्हणजे डाग दिसत होता आणि तुम्ही लिहिला नाही, तर फीवर थांबता येणार नाही. तिथे दुरुस्तीतला काही वाटा उचलण्याची तयारी ठेवा आणि तो आकडा वकील व विमा कंपनीशी बोलून ठरवा.

गुरुजींना तुमच्याकडून पैशापेक्षा मोठी मदत होऊ शकते, आणि ती तुमच्या मित्राला सुचली नाही. घर चार वर्षांपूर्वीचं आहे. २०१६च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. गुरुजी दुसरे मालक आहेत म्हणून हा हक्क गेला असं समजू नका, कायद्यातल्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो. सोळा घरांची कॉलनी म्हणजे नोंदणीतून सूट मिळणाऱ्या आठ घरांच्या मर्यादेपेक्षा मोठी, तेव्हा ती रेराखाली नोंदलेली असायला हवी. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव शोधून नोंदणी क्रमांक काढा. आणि घाई करा. पाच वर्षं पहिल्या ताब्यापासून मोजली जातील असं धरूनच चाला, म्हणजे हातात वर्षभर किंवा त्याहूनही कमी वेळ आहे. जुन्या मालकाकडचं ताब्याचं पत्र खरेदीखताच्या कागदांत असेल तर शोधून ठेवा.

बिल्डरला पाठवायचं पत्र गुरुजींसोबत बसून तुम्हीच तयार करा: गळतीची जागा, तड्याची रुंदी, तारखांचे फोटो, तुमचा तांत्रिक निष्कर्ष. ते गुरुजींच्या सहीने, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने जाऊ द्या. या कामाचे पैसे घेऊ नका. बिल्डरचा माणूस येईल आणि नुसतं डांबर किंवा पांढरं केमिकल फासून जायला बघेल, त्या दिवशी तुम्ही तिथे हजर असलं पाहिजे. वाटा फोडून नव्याने मारला का, ढाळ दुरुस्त झाला का, काम झाल्यावर पाणी साचवून बघितलं का, हे सांगणारा माणूस त्यांना तिथे हवा. तोपर्यंत दुरुस्ती थांबवता येत नसेल तर गच्चीवर ताडपत्री टाकायला सांगा, पण मूळ दोषाचे फोटो घेतल्याशिवाय काही फोडू देऊ नका.

जुन्या मालकाबद्दल थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात, कलम ५५ मध्ये, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तड्यात जुनी पुट्टी निघाली तर हा मुद्दा जिवंत आहे. त्याला माहीत होतं हे सिद्ध करणं मात्र अवघड जातं, म्हणून मी आधी बिल्डरकडे जायला सांगेन.

ग्रुपवर आत्ता एक अक्षर लिहू नका. भेट झाल्यावर, गुरुजींना विचारून, एकच ओळ टाका: 'गुरुजींच्या घराची गळती मी प्रत्यक्ष पाहिली आहे आणि त्यांना लेखी निष्कर्ष दिला आहे.' त्याखाली कोणी काही खोचक लिहिलं तरी उत्तर नको. बाकीची पंधरा घरंही त्याच मातीवर, त्याच बिल्डरने बांधलेली आहेत. तिथले दोघं-चौघं तुम्हाला 'काय भो, आमच्याकडेही ओल आलीय' म्हणून फोन करतील अशी माझी अटकळ आहे. त्यांना गुरुजींसोबत एकत्र तक्रार करायला सांगा. सोळांतल्या आठांनी मिळून लिहिलेल्या पत्राला बिल्डर वेगळ्या नजरेने बघतो.

हे सगळं करूनही ते ग्राहक आयोगात गेले तर? जाऊ शकतात, तो त्यांचा हक्क आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून तुमची तपासणी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते आणि तक्रार २ वर्षांच्या आत करता येते. त्यात तुमची अब्रू जात नाही. मात्र आयोगाची नोटीस आली तर ती टेबलावर पडू देऊ नका. उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, वाढवून आणखी १५, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. तिथे तुमच्या बाजूने बोलतील ते एप्रिलचे मूळ फोटो, सही केलेला करार, भेटीची वही आणि बिल्डरला लिहिलेलं पत्र. घरी जाऊन मदत केलेल्या माणसाकडे आयोगही वेगळ्या नजरेने बघतो, पण मदत त्यासाठी करू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न. सोडू नका. आपल्याकडे या कामाला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे उद्या मीटर विकत घेतलेला कोणीही 'तपासणी करतो' म्हणेल. काळ्या मातीत घर घेणाऱ्या माणसाला तुमच्यासारखा, चूक झाली का म्हणून झोप उडालेला माणूस जास्त हवाय. पद्धत मात्र बदला. उन्हाळ्यात नांगरलेली जमीन बघून पीक कसं येईल ते कोणी सांगत नाही, तसंच एका ऋतूत पाहून खानदेशातल्या घराबद्दल पूर्ण सांगता येत नाही. आखाजीच्या मुहूर्तासाठी चैत्रात घाईने होणाऱ्या तपासण्यांना तर हे सगळ्यांत जास्त लागू आहे. म्हणून फीमध्येच दोन फेऱ्या धरा, एक खरेदीआधी आणि एक पहिल्या मोठ्या पावसानंतर. फी हजार-दीड हजाराने वाढवावी लागली तरी वाढवा. दुसऱ्या फेरीत जे सापडेल ते बिल्डरकडे मुदतीत नेता येतं. गुरुजींच्या बाबतीत ही फेरी असती तर जुलैचा तो फोन तक्रारीचा झालाच नसता, 'या, आता बघायला या' असा झाला असता.

रिपोर्ट मराठीत द्या, निदान पहिलं पान तरी. त्या पानावर मोठ्या अक्षरांत, काय तपासलं नाही ते: गच्चीवर पाणी साचवलेलं नाही, भिंतीतले पाइप दिसत नाहीत, पाया उघडून पाहिलेला नाही, ही भिंत नुकतीच रंगवलेली असल्याने खालचं कळत नाही. ते घेणाऱ्यासमोर वाचून दाखवा, शक्यतो त्याच घरात, गच्चीवर उभं राहून, आणि त्याच पानावर सही घ्या. घरातला पैसे देणारा मुलगा पुण्या-मुंबईला असेल तर तोही फोनवर हवा. जुन्या गावठाणातलं धाब्याचं घर असेल तर आणखी वेगळं लिहा, कारण मातीच्या छताला दरवर्षी पावसाआधी डागडुजी लागते आणि सऱ्यांची, म्हणजे लाकडी तुळयांची, टोकं भिंतीत कुजलेली असली तर बाहेरून दिसत नाहीत. असं घर घेणाऱ्याला दरवर्षीचा खर्च आकड्यात सांगा.

वहिनींना सांगा की प्रत्येक फीमधून थोडी रक्कम अशा प्रसंगासाठी वेगळ्या खात्यात टाकत जाऊ, म्हणजे पुढच्या वेळी फी परत करायची की नाही हे घरातल्या चणचणीवर ठरणार नाही. आणि विमा नसेल तर या पावसाळ्यातच काढा.